पुंडलिकाची सेवा आणि घरचा पहारा

चंद्रभागेचे स्नान झाले की आपण आधी वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन घेतो, मग महाद्वाराकडे वळतो. जयघोषातही पहिले नाव त्याचेच. पण कथा सांगताना आपण विटेवरच फार बोलतो. वीट फेकणारे हात त्या वेळी कशात गुंतले होते, हे एका वाक्यात उरकतो. ते हात मायबापाच्या सेवेत होते. देव दारी आला म्हणून पुंडलिकाने ती सेवा आटोपती घेतली नाही, आणि देवालाही त्यात अपमान वाटला नाही.

आजही घरोघर अंथरुणाला खिळलेले माणूस असते. कोणाच्या बापाला अर्धांगवायू झालेला, कोणाच्या आजीचे खुब्याचे हाड मोडलेले. त्यांची सेवा नुसते पाय चेपून होत नाही. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम लवकर भरत नाही. अंथरुणाला ओल नको, चादरीला सुरकुती नको. घास भरवताना माणूस उठवून बसवावा, जेवल्यावर लगेच आडवे करू नये; निजल्या निजल्या पाजलेले पाणी श्वासनळीत जाण्याची भीती असते. पुष्कळ म्हातारी माणसे वारंवार उठवावे लागेल या संकोचाने पाणीच मागत नाहीत. त्यांना आठवणीने घोट घोट द्यावे. तोंड धुणे, माळ ओढणे, जे त्यांच्या हाताने होते ते त्यांनाच करू द्यावे. वेळ लागतो, लागू द्यावा. घाई आपल्याला असते, त्यांना नव्हे.

हे सारे बहुधा एकट्या सुनेवर येते. तिची वारी चुकते, एकादशीचे भजन चुकते, झोपेचे तर विचारूच नये. लोक म्हणतात, “माय, तुझी वारी घरातच झाली.” बोलणे खरे आहे, पण तेवढे बोलून आपण सुटलो, हे आम्हांस पटत नाही.

सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली टेकत नाही. म्हणून ती एकाच्याच गळ्यात सात दिवस कोणी ठेवतो काय? पहारे लागतात, कोठे तासाचे, कोठे दोन तासांचे. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला माणसे झोपेतून उठून येतात. मग आजाऱ्याची कूसही दोन-दोन तासांनीच बदलायची असताना तिथे पहारेकरी एकच का? शिवाय पुंडलिक हा मुलगा होता, सून नव्हे. ही बारीक गोष्ट कीर्तनात सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

दिंडीच्या बैठकीत तंबू, शिधा, ट्रक यांचे ठरते. तिथेच विचारावे, कोणाच्या घरी अंथरुणावर माणूस आहे? पायी वाटेच्या दिवसांत गावात राहणाऱ्यांनी त्या घरचे पहारे वाटून घ्यावेत. आणि एखाद्या वर्षी सुनेने दिंडीत चालावे, मुलाने मागे राहावे. कूस कशी वळवायची, घास केवढा द्यायचा, हे त्याने निघण्याच्या आठ दिवस आधीपासून तिच्याजवळ बसून शिकून घ्यावे.