कातळावर भीड नको

अगं, रविवारी तू पहिल्यांदा मुंब्र्याला कातळ चढायला जाणार हे कळलं आणि फार बरं वाटलं. ट्रेक तू केलेस, पण दोर बांधून उभ्या कातळाला हात घालणं नवीन, म्हणून चार गोष्टी मोकळेपणाने सांगते. हातात ताकद पुरेल का, उंचीची भीती वाटेल का, याचा घोर तुला लागलाय. मला काळजी वाटते ती आपल्या भिडेची. ‘कशाला विचारायचं, माझ्यामुळे सगळे खोळंबतील,’ ही सवय आपल्याला लहानपणापासून लागते. घरीदारी ती खपून जाते; दोराला बांधलेलं असताना ती धोक्याची ठरते.

म्हणून विचारायला आजपासूनच लाग. प्रशिक्षकाला फोन कर आणि त्याचं शिक्षण कुठे झालं ते विचार. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली सुरू झाली, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट त्याआधी १९५४ मध्ये. अशा संस्थांत बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्सनंतर दुसऱ्याला शिकवायचं कसं, याचा वेगळा कोर्स असतो. तो केलाय का? बरोबर किती जण येणार, प्रथमोपचार कुणाला येतात, जवळचं हॉस्पिटल कोणतं, हेही विचार. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडेल, त्याच्या दोरावर चढू नकोस.

आता आपल्यातली गोष्ट. हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा पट्टा, कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसायला हवा, खाली सरकून चालत नाही. तो घट्ट आहे का हे प्रशिक्षक हात लावून बघतो. बघण्याआधी त्याने तसं सांगायला हवं. अवघड वाटलं तर स्पष्ट सांग, ‘पट्टा मी ओढून दाखवते, तुम्ही बघा.’ सोबत बाई प्रशिक्षक असेल तर तिला बोलव. संकोचापायी तपासणी मात्र टाळू नकोस. पाळी आली असेल तरी चढता येतं. पोटावर पट्टा दाबला जातो, तेव्हा जायचं की नाही ते तुझं तू ठरव. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. उन्हात तापलेल्या कातळावर त्याने चक्कर येते. आडोसा कुठे आहे ते पोचल्या पोचल्या विचारून घे. अंगठी, गळ्यातली साखळी घरी ठेव, नखं काप, केस घट्ट बांध. आणि अत्तर किंवा परफ्यूम अजिबात नको. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात.

पहिल्या दिवशी बहुधा टॉप रोपवर चढवतील. तुझ्या हार्नेसला बांधलेला दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली बिले देणाऱ्याकडे, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याकडे येतो. तू चढशील तसतसा तो ढील काढून घेतो. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचं बघायचं: तुझी आठाची गाठ, हार्नेसची बकलं, त्याच्या कॅरॅबिनरचं लॉक. गाठीत दोराचे दोन पदर शेजारी शेजारी समांतर दिसले पाहिजेत आणि शेपूट पुरेसं लांब हवं. प्रशिक्षक कितीही जुनाजाणता असो, ती गाठ स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ‘टाइट’ (दोर ताणा), ‘स्लॅक’ (ढील द्या), ‘खाली सोडा’ हे शब्दही आधी ठरवून घ्या. वारा असला की लांबलचक वाक्यं ऐकू जात नाहीत.

जमिनीपासून थोडं वर गेलीस की प्रशिक्षकाला म्हण, ‘मला आधी दोरावर बसून बघायचंय.’ ‘टाइट’ सांग, दोर ताणला की दोन्ही हात सोड आणि मागे रेलून बस. पाय कातळावर, खांद्याइतक्या अंतरावर. दोर जरासा ताणला जातो आणि तुला धरतो. हे अंगाला एकदा कळलं की भीती आटोक्यात येते. हे न करता थेट वर चढलीस, तर प्रत्येक होल्ड, म्हणजे कातळावरची पकड, जिवाच्या आकांताने आवळत राहशील आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतील.

चढणं पायांनी असतं. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन पक्के टेकलेले ठेव, एकच हलव. उभी राहशील तिथे हात सरळ ठेव, म्हणजे ते दमणार नाहीत. टाचा उचलून ताटकळलीस तर पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागतो. टाच खाली सोड, थांबतो. आपला कातळ बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. काही ठिकाणी तो लोखंडासारखा, काही ठिकाणी सुटा. होल्डवर आधी तळव्याने थाप मार. पोकळ आवाज आला तर त्यावर भार टाकू नकोस. गवताच्या झुपक्याला तर कधीच धरू नकोस. वरून कुणी ‘दगड!’ ओरडलं की वर बघायचं नाही, अंग कातळाला चिकटवायचं. आणि पायथ्याला बसली असशील तेव्हाही हेल्मेट डोक्यावरच राहू दे.

मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब. उतरावंसं वाटलं तर ‘खाली सोडा’ म्हण. खालून कुणी ‘अगं, थोडंच राहिलंय’ म्हणेल. प्रोत्साहन घे, सक्ती घेऊ नकोस. मुंब्र्याचे कातळ पुढच्या रविवारीही तिथेच असतील, आणि पहिल्या दिवशी माथा गाठायची अट कुणी घातलेली नाही. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण. ती घरी ठेवून जा, मनात येईल ते विचार, वाटेल ते सांग. मग कातळ तुला नक्की आवडेल.