समुद्रकांठची सुटी : हर्णै-मुरूड येथें आठ दिवस

आपलें मालेगांव मोसम व गिरणा या नद्यांच्या कांठीं वसलेलें आहे. आपल्या मुलांस पाण्याचा परिचय होतो तो या नद्यांच्या पाण्याचा. आणि नदीचें पाणी, थोडें असो वा पुराचें असो, एकाच दिशेनें वाहतें. समुद्राची गोष्ट निराळी आहे. त्याचें पाणी येतें आणि जातें, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. घाटावर वाढलेला मुलगा प्रथमच कोंकणांत सुटीस जातो तेव्हां त्यास किनारा दिसतो, परंतु समुद्राचें वेळापत्रक दिसत नाहीं. तें ज्यास वाचतां आलें त्याची सुटी सफळ झाली म्हणावयाची. ज्यास आलें नाहीं, त्याच्या प्रसंगीं जिवावर बेततें. सुटीच्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यावर कोणी बुडाल्याचें वृत्त वर्षोवर्षीं वाचावें लागतें, हें पालकांस सांगावयास नको. म्हणून सुटींत काय काय करावें हें सांगतांना आम्ही या वेळापत्रकासच प्रथम स्थान देणार आहों.

समुद्रकांठीं सुटी घालविण्याची चाल विलायतेंत फार रूढ आहे. अठराव्या शतकांत तेथील वैद्य खाऱ्या पाण्याचें स्नान प्रकृतीस हितकर म्हणून सांगूं लागले आणि ब्रायटनसारखें कोळ्यांचें गांव नांवारूपास आलें. पुढें आगगाड्या झाल्या, १८७१ सालीं बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला, आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामकरीही मुलांबाळांसह ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाऊं लागले. आपलें गांवही कापडाचेंच आहे. मागांचा खडखडाट अहोरात्र ऐकणाऱ्या कानांस लाटांचा आवाज किती गोड लागेल, हें निराळें सांगणें नलगे. शिवाय विलायतेंतील मुलें वाळूचे किल्ले बांधून समाधान मानतात. आपल्या कोंकणांत खरे किल्ले समुद्रांत उभे आहेत.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्याचा किनारा सुचवितों. मनमाडास आगगाडींत बसून मुंबईकडे जावें, आणि तेथून कोंकण रेल्वेनें खेड स्टेशन गांठावें. ही रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाल्यापासून प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे. खेडाहून एस. टी. नें दापोली व दापोलीहून हर्णै. दिवाळीची किंवा नाताळची सुटी यास सर्वांत चांगली. मे महिन्यांत उकाडा फार, परंतु आंबे, फणस व रातांबे तेव्हांच मिळतात. पावसाळ्यांत मात्र समुद्राकडे दुरूनच पाहावें. जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांनीं मासेमारी करण्यास सरकारची बंदी असते.

भरती-ओहोटीचें गणित

चंद्राच्या आकर्षणानें समुद्राचें पाणी दिवसांतून साधारणपणें दोनदां चढतें व दोनदां उतरतें. एका पूर्ण भरतीपासून दुसऱ्या पूर्ण भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. अमावास्या व पौर्णिमा या तिथींच्या सुमारास सूर्याचेंही आकर्षण चंद्रास साह्य करतें व पाणी फार चढतें आणि फार उतरतें. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो. त्यास कोंकणांत भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी, सोपी रीत किनाऱ्यावर प्रचलित आहे : तिथीची पाऊणपट करावी. आज चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३; म्हणजे सुमारें तीन वाजतां पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधीं, सकाळीं नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६. वद्य पक्षांत पुन्हा प्रतिपदेपासून मोजावें. हा केवळ अंदाज आहे. स्थळपरत्वें अर्धापाऊण तासाचा फरक पडतो. म्हणून आपलें उत्तर काढून झाल्यावर गांवांतील एखाद्या कोळीदादांस विचारून तें ताडून पाहावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक भाग, अशा मानानें पाणी चढतें. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मा चढ होतो! ओहोटींत खडकावर गेलेलीं मुलें परतीची वाट बुडालेली पाहून घाबरतात, याचें कारण हेंच.

काय पाहावें, काय करावें

ओहोटीची वेळ ही किनाऱ्यावरील शाळेची वेळ होय. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं निघावें. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनीं बिळांभोंवतीं वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडलेली दिसते. खडकांतील डबक्यांत लहान मासे, शंखांतील जीव, क्वचित् तारामासाही आढळतो. रिकामे शिंपले खुशाल वेंचावेत. ज्यांत जीव आहे त्यास पाहून तेथेंच ठेवावें. पाणी वळूं लागतांच आपणही वळावें.

सायंकाळीं हर्णैच्या बंदरावर जावें. तेथें मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. होड्यांतून आलेली मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठीं बैलगाड्या थेट पाण्यांत घालण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग पडतात व भरभर बोली लागते. हा आपल्या करमणुकीचा खेळ नसून कोळी बंधुभगिनींच्या पोटापाण्याचा उद्योग आहे, हें स्मरून बाजूस उभें राहावें व कामांत अडथळा करूं नये.

बंदरासमोर समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे, आणि त्याच्या रक्षणासाठीं किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन लहान किल्ले आहेत. मराठ्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार होता; कान्होजी आंग्रे यांच्या नांवाशीं तो निगडित आहे. १७५५ सालच्या एप्रिल महिन्यांत इंग्रजांच्या कमोडोर जेम्स यानें, पेशव्यांशीं संगनमत असतां, तुळाजी आंग्रे यांजकडून तो जिंकला. या विजयाच्या स्मरणार्थ जेम्सच्या विधवेनें १७८४ सालीं लंडनजवळच्या टेंकडीवर एक मनोरा बांधविला. तो अजून उभा आहे व त्याचें नांव सेव्हर्नड्रूग, म्हणजे इंग्रजी जिभेवर वळलेला आपला सुवर्णदुर्गच. घरच्यांचा आपसांतील कलह परक्यांच्या कसा पथ्यावर पडतो, हा धडा या तटाकडे पाहतांना आपोआप मिळतो. किल्ल्यावर जावयाचें तर समुद्र शांत असतां, माहितगार नाखव्याबरोबर आणि तरंगण्याचें जाकीट घालूनच जावें.

जवळच मुरूड आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण या गांवीं गेलें. परीक्षेस बसण्यासाठीं ते मित्रांसह भर पावसांत, घाट चढून, पायीं साताऱ्यास गेले. आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस तेथें परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्यांनीं धीर सोडला नाहीं. पुढें याच गृहस्थांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें व १९५८ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. परीक्षेंत एकदां अपयश आलें म्हणून रडत बसणाऱ्या विद्यार्थ्यानें मुरूडच्या वाळूवर एक फेरी अवश्य मारावी. मिशनशाळांच्या इतिहासांतही हा किनारा जुना आहे. उत्तरेस बाणकोट येथें १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले व त्यांनीं मराठी शाळा चालविल्या. दापोलीच्या मिशन हायस्कुलांत साने गुरुजी शिकले.

बाणकोटाजवळच वेळास हें गांव आहे. नाना फडणवीस यांचें मूळ गांव तें हेंच. तेथील वाळूंत हिंवाळ्यांत समुद्रकांसवें रात्रीं येऊन अंडीं घालतात. पूर्वीं हीं अंडीं चोरीस जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या सहकार्यानें त्यांचें रक्षण आरंभिलें. सुमारें दीड-दोन महिन्यांनीं पिलें बाहेर येतात व आपल्याच पायांनीं समुद्राकडे धांव घेतात. त्यांस हात लावूं नये, दिवा दाखवूं नये. केवळ उभें राहून पाहावें.

समुद्रस्नानाचे नियम

गिरणेंत पोहणाऱ्या मुलानें समुद्रांत आपणांस पोहतां येतें असें समजूं नये. एकट्यानें, अंधारांत, खाडीच्या मुखाशीं किंवा ओहोटी लागली असतां पाण्यांत उतरूं नये. कमरेहून अधिक पाण्यांत जाऊं नये. प्रवाहानें आंत ओढलेंच तर त्याच्या विरुद्ध झगडून दमूं नये; किनाऱ्याशीं समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावें व हात वर करून हांक मारावी. दुसऱ्या कोणीं त्यामागें उडी टाकूं नये. दोर, बंद डबा, जें तरंगेल तें फेंकावें व कोळ्यांस बोलवावें. पालकांनीं मुलांवरची नजर क्षणभरही काढूं नये.

विद्यार्थ्यांस अभ्यास

१. सुटीच्या आठही दिवसांची तिथी, पाऊणपटीनें काढलेली भरतीची वेळ व प्रत्यक्ष पाहिलेली वेळ, असें कोष्टक तयार करा. दोहोंत किती अंतर पडतें?

२. लिलावांत पाहिलेल्या पांच माशांचीं नांवें कोळिणींकडून विचारून लिहून घ्या.

३. परत आल्यावर पुढील पौर्णिमेस गिरणेच्या कांठीं जाऊन चंद्र पाहा, आणि त्या घटकेस हर्णैच्या बंदरांत पाणी चढत असेल कीं उतरत असेल, याचें उत्तर घड्याळ पाहून मनाशीं काढा. तें बरोबर आलें, म्हणजे तुमची सुटी खऱ्या अर्थानें पदरीं पडली असें आम्ही समजूं.