काळजी घेणाऱ्यांनी काय नवे शिकावे?

कुणाच्या घरी म्हातारे माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले असते. कुणाच्या मुलाची वाढ इतर मुलांसारखी झालेली नसते. कुणाच्या तरण्याताठ्या मुलाला मानसिक आजार जडलेला असतो. अशा माणसांची सेवा आपल्याकडे बहुतेक वेळा घरातली बाईच करते. आई करते, सून करते, कधी धाकटी मुलगी शाळा सोडून करते. या कामाचे शिक्षण तिला कुणीही दिलेले नसते. आजीने केले तसे आईने केले, आईने केले तसे लेक करते.

परंतु मधल्या काळात कायदे बदलले आणि सोयीही वाढल्या. काल रीत म्हणून चालणाऱ्या काही गोष्टी आज कायद्याने मना आहेत. काल कुणाच्या तरी मेहरबानीने मिळणाऱ्या काही गोष्टी आज हक्काच्या आहेत. सेवा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर नुकसान दोघांचेही होते. म्हणून या पानावर आम्ही त्याची उजळणी करीत आहोत. पान कापून घरात ठेवा.

१. दिव्यांगता : आधी कागद, मग हक्क

भारतीय संविधानाचे कलम ४१ म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांत नागरिकाला साहाय्य मिळावे असे राज्याला सांगते. म्हणजे ही मदत दया नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच वाटेवरचा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगतेचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आला.

सिकलसेलचे नाव विदर्भातल्या आपल्या वाचकांनी दोनदा वाचावे. आपल्या समाजात हा आजार घराघरांत दिसतो, पण हातपाय धड दिसतात म्हणून प्रमाणपत्राचा विचार कुणी करीत नाही. सांधेदुखीने महिन्यातून चार दिवस शाळा बुडवणारे मूल आळशी नसते. त्याची तपासणी करून घ्या आणि दिव्यांगतेची टक्केवारी ठरवून घ्या.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता कार्डाला रंग आहेत. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगतेला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर पिवळे आणि ८० टक्के व त्यावर निळे. बहुतेक सवलती ४० टक्के व त्यापुढे मिळतात. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा जवळची की विशेष हे निवडण्याची मुभाही आहे. निराधार दिव्यांगांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा वेगळा आहे. त्यातील निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आईबापांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल १८ वर्षांचे झाले की पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा. “आमच्यामागे याचे कसे?” हा प्रश्न रात्रीची झोप उडवतो. त्याचे अर्धे उत्तर या अर्जात आहे.

२. मानसिक आजार : साखळी नाही, सल्ला

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ माणसे जळून मेली. त्यांना तिथे नेऊन ठेवणारी बहुतेक त्यांचीच माणसे होती. ती दुष्ट नव्हती, थकलेली होती. दुसरा उपाय त्यांना कुणी सांगितला नव्हता.

आज दुसरा उपाय आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ९५ प्रमाणे मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. आजारावरचा उपाय म्हणून नसबंदी करता येत नाही. घरी कुणी नेणारे नाही एवढ्याच कारणासाठी बरा झालेला माणूस मनोरुग्णालयात ठेवता येत नाही.

याच कायद्याने रुग्णाला स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. नेमलेली व्यक्ती सज्ञान हवी, आणि रुग्णाला ती पुढे बदलताही येते. माणूस बरा असतो तेव्हाच त्याच्याशी शांतपणे बोला. पुन्हा त्रास वाढला तर तुझ्या वतीने कुणी बोलावे, हे विचारा आणि लिहून ठेवा.

पुष्कळ घरांत गोळी कुटून भाजीत किंवा चहात घालून देतात. हेतू चांगला असतो, पण ज्या दिवशी ते उघडकीस येते त्या दिवशी तो माणूस घरचे अन्नच खाणे सोडतो. औषध घेत नसेल तर का घेत नाही ते विचारा. जीभ जड होते, झोप फार येते, वजन वाढते ही कारणे खरी असतात. ती डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते. मात्र बरे वाटले म्हणून मनाने औषध बंद करू नका. लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. उलट्या-जुलाब झाले, हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही. रुग्णानेच फोन करावा असे नाही, सेवा करणाऱ्यानेही करावा. पुढील उपचार जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात होतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

आणखी एक भीती मनातून काढून टाका. घरात कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला कचरतात आणि त्या उशिरातच माणूस जातो. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. क्षणही न घालवता १०८ ला फोन करा.

३. अंथरुणावरचे माणूस : दोन तासांचा नियम

अंथरुणावरच्या माणसाला मूळ आजाराइतकाच धोका जखमांचा असतो. दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत बसवले असेल तर त्याहून लवकर, अर्ध्या तासाच्या आत जागा हलवा. माकडहाड, टाचा, खुबे आणि खांदे रोज उजेडात पाहा. पुस्तकात लिहितात की कातडी लाल होते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे बोट लावून पाहा. जागा गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा काळसर लागली तर जखम सुरू झाली असे समजा. त्या जागेवर चोळू नका. तो भाग मोकळा ठेवा आणि नर्सताईंना दाखवा.

माणसाला ओढून सरकवू नका, कातडी सोलते. अंगाखाली घडी घातलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती उचला. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्या. भरवताना बसते करा, आणि नंतरही अर्धा तास बसलेले राहू द्या. खाताना दर वेळी ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये.

कर्करोगाचे दुखणे सोसायचेच असते, ही समजूतही सोडा. वेदनाशामक म्हणून मॉर्फिन देता येते आणि २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मिळवणे सोपे झाले आहे. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा.

७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही. पण हा खर्च रुग्णालयात भरती झाल्यावरचा आहे, घरच्या सेवेचा नाही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

४. आणि जी सेवा करते, ती?

या तिन्ही धड्यांत एकच बदल आहे. पूर्वी घरचे ठरवत आणि आजारी माणूस सोसत असे. आता त्याला विचारून, त्याच्या सोबतीने ठरवायचे आहे. आंघोळ आता की संध्याकाळी, एवढे विचारण्यापासून सुरुवात करा. बोलता येत नसेल तर मानेने, डोळ्यांनी उत्तर मिळते.

पण हे सगळे एकट्या बाईच्या खांद्यावर टाकून होणार नाही. तिची पाठ मोडते, झोप उडते, चिडचिड होते आणि मग तीच स्वतःला दोष देते. घरातल्या पुरुषांनी रात्रीची एक पाळी घ्यावी. शेजारच्यांनी आठवड्यातून एक दुपार बसावे. विहारातील रविवारच्या बैठकीत अर्धा तास काढून वस्तीत अशी किती घरे आहेत याची यादी करावी. यूडीआयडीचा अर्ज भरता येणारी दोन तरुण मुले त्या घरांत पाठवावीत.

पुढच्या रविवारी एक घर तरी गाठा. तिथे बसा, आणि आजारी माणसाची चौकशी झाली की त्याची सेवा करणाऱ्या बाईलाही विचारा, “ताई, तुम्ही जेवलात का?”