रिमोटवर लॅपटॉपची गाणी

टीव्हीचा जुना रिमोट टाकू नका मित्रांनो! मी टीसॉप ३८२३८ रिसीव्हर आर्डुइनो लिओनार्डोला जोडला. यूएसबीवर लॅपटॉप या बोर्डाला कीबोर्डच समजतो. रिसीव्हर ३८ किलोहर्ट्‌झचे स्पंदन निवडतो, त्यामुळे खोलीतली ट्यूब सहसा आड येत नाही.

समोरून पाहता पिनांचा क्रम आउटपुट, ग्राउंड, ५ व्होल्ट. टीसॉप १७३८चा क्रम वेगळा. डेटाशीट बघूनच जोडा, नाहीतर रिसीव्हर जळू शकतो.

प्रत्येक बटणाचा कोड सीरियल मॉनिटरवर वाचा आणि प्रोग्रॅममध्ये त्याला की द्या. व्हीएलसी समोर उघडा असला की स्पेसने गाणे थांबते, 'एन'ने पुढचे लागते.

एनईसी पद्धतीचे बटण दाबून धरले की साधारण ११० मिलिसेकंदांनी रिपीट कोड येतो. आवाजासाठी तो ठेवा, स्पेससाठी गाळा. नाहीतर गाणे उचकी लागल्यासारखे वाजेल!