डाखकाम: श्रुतिपेटीच्या निमित्ताने

तंजावरजवळील तिरुवैयारु येथे कावेरीच्या काठी पौष वद्य पंचमीस त्यागराजांची आराधना होते. या संतकवीचे निधन १८४७ साली येथेच झाले. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. इतके कंठ एका षड्जाला बांधून ठेवावयाचे, तर आधारस्वर अढळ हवा. पूर्वी हे काम तंबोऱ्याचे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्नाटक संगीतात इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटीही ते करू लागली. हौशी माणसास बॅटरीवर चालणारी अशी साधी पेटी घरी जोडता येते. डाखकाम शिकण्यास तिच्यासारखा परीक्षक नाही, कारण सांध्यातील दोष येथे कानाला ऐकू येतो.

साध्या श्रुतिपेटीत स्वराची कंपनसंख्या रोधक व धारित्र यांच्या मूल्यांच्या गुणाकाराशी व्यस्त प्रमाणात असते. समजा, रोधक १०,००० ओहमचा आहे आणि त्याच्या कच्च्या सांध्याने ६०० ओहमची भर घातली. एवढ्याने षड्ज उतरून निषादावर जातो! शिवाय असा सांधा स्थिर राहत नाही. पेटी हलली की सूर डळमळतो, आणि गायक तर तिच्यावर विसंबून बसलेला असतो.

डाख हा बहुधा कथील व शिसे यांचा मिश्रधातू असतो. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळतो व एकदम गोठतो. मधली लापशीसारखी अवस्था त्यास नसते. नवशिक्याने तोच घ्यावा. शिसे विषारी असल्याने तार तोंडात धरू नये व काम संपताच हात धुवावेत.

भांड्यांना कल्हई करणारा नवसागर वापरतो. येथे तो कटाक्षाने टाळावा. त्याचे अवशेष दमट हवेत पाणी शोषून तांब्याची पातळ पट्टी खाऊन टाकतात, आणि कावेरीच्या खोऱ्यात दमटपणास तोटा नाही. डाखाच्या तारेच्या पोटात भरलेली राळ पुरेशी असते. कल्हईवाल्याकडून घ्यावयाचा धडा निराळाच आहे: तो आधी भांडे तापवितो, मग त्यावर कथील फिरवितो.

आपणही तसेच करावे. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक ओल्या स्पंजावर पुसून त्यास डाखाचा पातळ लेप द्यावा. ते रोधकाचा पाय आणि तांब्याची पट्टी या दोहोंना एकाच वेळी टेकवावे. क्षणभराने डाखाची तार टोकाला नव्हे, तर पलीकडच्या बाजूने सांध्याला लावावी. डाख पसरताच प्रथम तार, मग आयर्न उचलावे. एकूण दोन-तीन सेकंद पुरतात. अधिक तापविल्यास पट्टी पाटीपासून सुटते. डाख गोठेपर्यंत काहीही हलवू नये, फुंकरही घालू नये.

चांगला सांधा पायाभोवती अंतर्गोल उतरतो व चकाकतो. गोळ्यासारखा फुगलेला सांधा संशयास्पद समजावा आणि राळयुक्त डाखाचा किंचित नवा अंश देऊन पुन्हा तापवावा. शेवटी पेटी सुरू करून प्रत्येक सांध्याशेजारी लाकडी काडीने हलकेच टिचकी मारावी. सूर हलला, तर दोष तेथेच आहे.