उजाडायच्या आधीचा तास

परवा सकाळी साडेसहाची गाडी गाठायची होती. मी जाफराबादहून भोकरदनच्या बाजूला एका शाळेवर जाते. तुमच्यापैकीही कितीतरी जणी अशाच कुठे ना कुठे निघालेल्या असतात. डबे भरले, गॅस बंद केला, चप्पल पायात सरकवली, तेवढ्यात धाकटी झोपेतच पुटपुटली, "आई, आज पण गेलीस का गं?"

मी अजून उंबऱ्यातच उभी होते. तिच्या लेखी मात्र केव्हाच गेले होते.

संध्याकाळी वेगळं काही होत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना 'छान, पुन्हा वाच बरं' म्हणून झालेलं असतं. घरी आपलं लेकरू वही घेऊन मागेमागे फिरतं आणि तोंडून निघतं, "थांब, आधी कणीक भिजवू दे." कणीक भिजते, पोळ्या होतात, उद्याची भाजी निवडून होते. वही उशाशी घेऊन पोर झोपून गेलेलं असतं. तिच्या अंगावर पांघरूण घालताना पोटात जे कालवतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या शाळेत 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 12 जानेवारीला जिजाऊंची. सिंदखेडराजा आपल्यापासून फार लांब नाही, त्यामुळे जिजाऊंविषयी आपल्याकडे जास्तच जिव्हाळा. पोरी नऊवारी नेसून येतात, थोर मातांवर भाषणं होतात. टाळ्या वाजवताना माझ्या मनात एकच, की आपल्याला यातलं काय जमतंय? पंडिता रमाबाईंचा वेश करून मात्र कुणी येत नाही. 5 एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. यंदा सुट्टीत मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं आणि पहिल्यांदाच एका थोर बाईजवळ बसून मनातलं बोलावंसं वाटलं.

आधी त्यांच्या आईचं सांगते. लक्ष्मीबाई डोंगरे. नवऱ्यानं, अनंतशास्त्र्यांनी, त्यांना संस्कृत शिकवलं, तेही बाईनं पोथीला हात लावणं लोकांना खपत नव्हतं त्या काळात. पुढे रमाला शिकवायची वेळ आली तेव्हा दिवसा सवड कुठली? घरात माणसांचा राबता, शिकायला येणारी मुलं, सगळ्यांचं करणं. म्हणून ही माऊली उजाडायच्या आधी लेकीला हळूच उठवायची आणि कामाची रहाटी सुरू होण्याआधी तिच्याकडून श्लोक म्हणून घ्यायची. बाराव्या वर्षापर्यंत रमाचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते म्हणतात. मला तो आकडा फारसा धरून ठेवावासा वाटत नाही. मला तो अंधार दिसतो, अर्धवट झोपेतली पोर दिसते, आणि त्या वेळेत फक्त तिचीच असलेली आई.

हे घर तीर्थाटनात पायी फिरणारं. पुढे दुष्काळ पडला, अन्नान्नदशा झाली, 1874 मध्ये वडील गेले आणि मागोमाग आईही. आईची तिरडी उचलायला चार माणसंही मिळेनात. चौथी झाली रमा. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून आईचा भार तिनं डोक्यावर घेतला. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ पुस्तक उघडंच ठेवून बसले होते.

अशा आईची लेक पुढे स्वतः आई झाली. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा जन्मली. नवराबायको दोघांनाही मुलगीच हवी होती. वर्षही धड झालं नाही तोच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीनं नवरा गेला. तेविशीतली विधवा आणि कडेवर दहा महिन्यांचं लेकरू. 1883 मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या, तिथं वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृतही शिकवत. छोटी मनो तेव्हा वाँटेजला, भगिनींजवळ.

मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी त्या लेकीला घेऊन अमेरिकेला गेल्या. पुढे तिला इंग्लंडला परत पाठवलं आणि स्वतः अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरत राहिल्या. दुसऱ्यांच्या विधवा लेकींसाठी शाळा काढायची होती, तिच्यासाठी पैसा उभा करायचा होता. आणि स्वतःची पाच वर्षांची लेक समुद्रापलीकडे.

बायांनो, आणि बाप्यांनोही, आपली साडेसहाची गाडी या दुःखापुढे लहान आहे असं मी म्हणणार नाही. लेकराला अंतर किलोमीटरात कळत नाही.

पण रमाबाई लांब राहूनही मनोच्या आयुष्यातून उठून गेल्या नाहीत. मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रातून वाद चाले, त्यातला बराचसा मनोला धर्म काय आणि कसा शिकवायचा यावरून. ज्यांच्या आधारानं पोर वाढत होती त्यांनाच त्या ठामपणे सांगत, की माझ्या लेकीचा निर्णय माझा. उपकाराखाली असताना असं बोलायला काळीज लागतं. आपण मात्र शिकवणीवाल्या सरांना 'तुम्हीच बघा काय ते' म्हणून मोकळे होतो. थकलेले असतो म्हणून, दुसरं काही नाही. पण महिन्यातून एकदा तरी, 'ती वर्गात गप्प का बसते?' एवढं आपण विचारावं.

श्रद्धेचंही सांगते. 11 मार्च 1889 ला मुंबईत त्यांची ती शाळा, म्हणजे शारदा सदन, सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून 1893 मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. पोर परक्या वाटेनं जाईल या धास्तीनं आजही आपली झोप उडते. पण घरातल्या घरापुरतं त्या उघड्या दाराकडं बघा. आमच्या सासूबाई रोज तुळशीपाशी हरिपाठ म्हणतात. 'बस इथं' असं त्यांनी धाकटीला कधी म्हटलं नाही. ती जाऊन बसते. मी मात्र 'पाया पड, लवकर पड, उशीर होतोय' म्हणत तिला देव्हाऱ्यापुढं ढकलते आणि तिचा चेहरा आवळला जातो.

मनोरमा मोठी झाली, परदेशी शिकून आईजवळ परतली. शारदा सदनाची जबाबदारी तिनं सांभाळली, आईच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध बायामुलींना ब्रेल शिकवलं. 24 जुलै 1921 ला ती गेली, अवघी चाळिशीची. रमाबाई तेव्हा खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेकीमागं त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत.

हल्ली मी धाकटीला पंधरा मिनिटं आधी उठवते. पाढे नाहीत, श्लोक नाहीत. ओट्याजवळ पाट टाकते, चहा होईपर्यंत ती माझ्या मांडीवर. फोन आतल्या खोलीत. कधी ती शाळेतलं भांडण सांगते, कधी नुसती कुरकुरते आणि पुन्हा डोळे मिटते. तेही चालतं. आठवड्यातून दोनदा जमतच नाही, ते मी धरून बसत नाही.

काल तिनं विचारलं, "आज पण जाणार ना?"

"हो गं."

"मग चहा लवकर करू नको."