विणा टोपली, जोडा माणसे

"डॉक्टर, झोप नाही, करमत नाही," अशी तक्रार निवृत्तीनंतर अनेकजण करतात. तपासणीत दोष न आढळल्यास मी त्यांना बुरुडाकडे टोपली विणायला शिकण्याचा सल्ला देतो. ओल्या बांबूच्या पट्ट्या एक वर, एक खाली घालताना बोटे, नजर व मन एकत्र काम करतात. शेजारी चौघे विणत असले की गप्पाही आपसूक होतात. एकटेपणा हा आरोग्याचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक जवळिकीसाठी आयोग नेमला. शिकवणाऱ्या कारागिराला मोबदला अवश्य द्यावा. अधूनमधून उठून पाठ मोकळी करावी. मधुमेहींनी बोटांत बारीक काडी रुतली नाही ना, हे रोज पाहावे. उदासी दोन आठवडे टिकल्यास मात्र टोपलीवर न विसंबता डॉक्टरांना भेटावे.